जावईबापू चार वाजता खुलतात

घासूमामांना जगातली कुठलीही वस्तू मळकी दिसली की चैन पडत नसे. वस्तू कुणाची, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. बँकेत रांगेत उभे असताना त्यांनी खिशातल्या फडक्याने खिडकीची पितळी पट्टी घासून काढली होती आणि मेहुणीच्या लग्नात, पंगत बसायच्या आधी, वाढप्यांच्या हातातल्या पळ्या. त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच राहिलं. प्राणिसंग्रहालयात गेटवाल्यापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना घासूमामाच म्हणत. मामांना त्याचं वाईट वाटत नसे. माणसाला एखादी तरी गोष्ट जगापेक्षा बरी यावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

सरपटणाऱ्या प्राण्यांची खोली त्यांच्याकडे आली ती दुसरं कुणी घेईना म्हणून. अजगराचं नाव काढलं की बाकीच्यांना गावाला जायची कामं निघत. मामांनी पहिल्या आठवड्यात फक्त काचा घासल्या. इतक्या घासल्या, की अजगर बघायला वाकलेल्या एका गृहस्थांचं नाक काचेवर आपटलं. मध्ये काच आहे हे कळल्यावर त्या गृहस्थांना आधी हायसं वाटलं, मग राग आला, आणि त्यांनी तक्रार लिहून दिली. मामांनी ती तक्रार जपून ठेवली होती. त्यांच्या कामाची लेखी तारीफ आजवर तेवढीच झाली होती.

घरी तर तारीफ नव्हतीच. बायको चांगली होती, पण तिच्या बोलण्यात तेलतूप नसे. ती लोकांचे स्वेटर विणून द्यायची. मामा कामावरून आले की सुयांवरची नजर न काढता विचारायची, "आलात?" दारात उभ्या असलेल्या माणसाला हा प्रश्न कशाला विचारायचा, हे मामांना चौतीस वर्षांत कळलं नव्हतं. मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. फोनवर ती आधी आईची चौकशी करी, मग घराची, आणि शेवटी, पैसे संपायच्या बेतात असल्यासारखी, "बाबा बरे आहेत ना?" म्हणे. आपल्याला बघून कुणाचा चेहरा खुलला, असं मामांच्या आयुष्यात फारसं घडलंच नव्हतं. ते कुणाला बोलून दाखवत नसत, पण ते त्यांना लागत होतं. खूप लागत होतं.

आणि मग पाच वर्षांपूर्वी जावईबापू आले.

कुणा प्रवाशाच्या बॅगेत, लोकरी मोज्यात गुंडाळलेलं ते बोटभर जनावर जप्त होऊन संग्रहालयात पोचलं. कुंपणावर मान हलवत बसतो तो साधा सरडा नव्हे. शॅमेलियन. शेपटीची गुंडाळी, डोक्यावर टोप, आणि हातपायांची बोटं चिमट्यासारखी. आला तेव्हा काजळीसारखा काळा होता. साहेब म्हणाले, आठवडा काढणार नाही. मामांनी त्याला बारीक जाळीचा उंच पिंजरा दिला, आत कुंड्या ठेवल्या, वर उबेचा दिवा लावला. हा प्राणी वाटीतलं पाणी पीत नाही, पानावरचे थेंब तेवढे चाटतो, हे समजल्यावर मामा दर दोन तासांनी पानांवर पाणी फवारत राहिले. तिसऱ्या दिवशी जनावर हिरवं झालं.

जावईबापू हे नाव मामांनीच ठेवलं. सासुरवाडीला पहिल्यांदा आलेल्या जावयाचा सगळा थाट त्याच्याकडे होता. एक डोळा पाहुणचारावर, दुसरा घरातल्या सामानावर, आणि दोन्ही डोळ्यांचा एकमेकांशी संबंध नाही. पाऊल टाकायच्या आधी दोनदा विचार करायचा, टाकल्यावर पस्तावल्यासारखा डुलायचा. पिंजऱ्यावर पाटी होती: 'हा प्राणी ज्या रंगाच्या वस्तूवर बसतो त्या रंगाचा होतो.' पाटी साहेबांच्या आधीच्या साहेबांनी लिहून ठेवली होती, जावईबापूंनी ती वाचलेली नव्हती. ते तपकिरी फांदीवर बसून खुशाल हिरवे राहत. पण लोकांचा पाटीवर विश्वास. कुणी दोरीच्या पलीकडून लाल रुमाल धरी, कुणी छत्री. एक गृहस्थ चौकड्यांचा सदरा घालून अर्धा तास पाठमोरे उभे राहिले आणि दर पाच मिनिटांनी बायकोला विचारत होते, "आला का चौकडा?"

जावईबापू वर्षाचे झाले, अंगाने भरले. खाणं रोज दुपारी चार वाजता. गाजरावर पोसलेले रातकिडे, वरून चिमूटभर कॅल्शियमची पूड. एक दिवस मामांनी त्यासाठी नवं स्टीलचं भांडं घेतलं. उभ्या कडांचं, हातात मावेल एवढं. नवं म्हणून त्यांनी ते तीन दिवस राख लावून घासलं, आणि मग त्यात बघून भांग पाडला. चौथ्या दिवशी ते भांडं घेऊन त्यांनी पिंजऱ्याचं दार उघडलं.

जावईबापू खुलले. दुसरा शब्द नाही. अंगावरचा हिरवा रंग बघता बघता पिवळा झाला, पिवळ्यातून नारिंगी उमलला, बाजूचे पट्टे तांबडे झाले, पोटाजवळची रेघ निळीशार. अंग फुगलं, चपटं होऊन मामांच्या दिशेने वळलं, तोंड उघडलं आणि आतून हिस्स असा आवाज आला. मामांनी आजूबाजूला पाहिलं. खोलीत ते आणि अजगर दोघेच होते, आणि अजगर झोपला होता. म्हणजे हे सगळं आपल्यासाठीच. मामांचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तेच. तिसऱ्या दिवशीही. मग ही गोष्ट गेटवाल्याला कळली, म्हणजे गावाला कळली. चारला दहा कमी असताना दोरीपाशी गर्दी होऊ लागली. साहेब हुशार. त्यांनी फाटकावर फलक लावला: 'रोज दुपारी चार वाजता सरडा आपल्या रक्षकाचे स्वागत करतो.' आया मुलांना सांगत, बघ, मुकं जनावर, पण माया कशी ओळखतं. कुणी मामांना विचारलं, हे स्वागतच कशावरून, तर मामा म्हणत, "हातच्या काकणाला आरसा कशाला?" आणि हातातलं भांडं जरा आणखी उंच धरत.

चार वर्षं मामा हरभऱ्याच्या झाडावर चढत गेले, आणि खाली उतरवायला कुणी नव्हतं. सकाळी दिवा लावायच्या आधी जावईबापू काळपट दिसत, तर मामा म्हणत, रात्रभर वाट बघून जीव काळवंडला. सोमवारी मामांची सुट्टी, त्या दिवशी गेटवाला डब्याच्या प्लास्टिकच्या झाकणातून रातकिडे द्यायचा. मंगळवारी मामा हटकून विचारत, "काल कसा होता?"

"हिरवा," गेटवाला सांगे. "गप बसून खाल्लं."

"उदास असणार," मामा म्हणत, आणि मनातून त्यांना फार बरं वाटे.

घरी तर विचारायलाच नको. बायको म्हणाली, "आलात?" की मामा चप्पल काढता काढता सुरू होत. "अगं, आज काय खुलला म्हणून सांगू. थंड रक्ताचं जनावर म्हणतात त्याला. माणसंच थंड असतात." बायको टाके मोजत असायची. मोजून झाले की म्हणायची, "मग रात्री त्याच्याकडेच जेवा. रातकिडे आहेतच."

असं सगळं मजेत चाललं असताना मामांना साठ वर्षं पूर्ण झाली. महिनाअखेरीला निवृत्ती. अजगर, कासवं, घोरपड यांचा निरोप घ्यायची मामांची तयारी होती, ते कुणीही सांभाळलं असतं. पण चार वाजता? त्यांनी साहेबांना अर्ज दिला. पगार नको, हुद्दा नको, फक्त रोज चार वाजता पिंजऱ्याचं दार उघडू द्यावं, 'कारण सदर प्राणी केवळ माझ्यावर जीव लावून आहे व माझ्यावाचून त्याचे कसे होईल, हे सांगवत नाही.' हे वाक्य त्यांनी सात वेळा लिहून खोडलं होतं. खरं वाक्य, जावईबापूंवाचून माझं कसं होईल, हे अर्जात घालण्यासारखं नव्हतं.

साहेब म्हणाले, "मामा, बाहेरच्या माणसाला पिंजऱ्याची किल्ली द्यायची तर समिती लागते. समिती रविवारी येतेय. चार वाजता त्यांच्यासमोर होऊ दे स्वागत. डोळ्यांनी बघितलं की सही करतील." मग आवाज उतरवून म्हणाले, "नेहमीपेक्षा जरा जास्तच खुलू दे."

"घोडामैदान जवळच आहे," मामा छाती काढून म्हणाले.

समितीच्या कागदांबरोबर जनावराच्या प्रकृतीचा दाखला जोडायचा होता, म्हणून बुधवारी डॉक्टर आल्या. तिशीच्या आतल्या, पाठीवर पिशवी, सापासरड्यांचंच शिकलेल्या. त्यांनी जावईबापूंना तराजूवर ठेवलं आणि कागद बघून कपाळाला आठी घातली. वजन वर्षभर थोडं थोडं उतरत होतं. "खातो किती?" त्यांनी विचारलं.

"चार-पाच किडे. आनंदात असला की भूक कमी लागते," मामा म्हणाले.

डॉक्टरांनी तो आकडा टिपून घेतला. चार वाजता त्या दोरीच्या आत, कोपऱ्यात उभ्या राहिल्या. मामा भांडं घेऊन आले. दार उघडलं, जावईबापू खुलले, फुगले, हिस्स केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी हळूच वळून डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर जावईबापूंकडे बघत नव्हत्या. त्या भांड्याकडे बघत होत्या.

लोक गेल्यावर त्या म्हणाल्या, "मामा, एक करा. भांडं मला द्या आणि नुसते आत हात घालून उभे राहा."

मामा उभे राहिले. जावईबापूंचे रंग उतरत उतरत हिरव्यावर आले. एक डोळा मामांच्या कोपरावरून फिरला, पुढे गेला, छताकडे लागला. पाच मिनिटं झाली. मामा हसले, मानेने खुणावलं, शेवटी लाडाने "जावईबापू" अशी हाकही मारली. खुंटीवर अडकवलेल्या कोटाकडे बघावं तसं जावईबापूंनी त्यांच्याकडे बघितलं.

"आता बाजूला व्हा." डॉक्टरांनी फक्त भांडं धरलेला हात आत घातला. स्वतः दाराआड राहिल्या. आणि जावईबापू पुन्हा पिवळे, नारिंगी, तांबडे झाले, फुगले, भांड्यावर चालून गेले.

मामांनी विचारलं, "भांड्यावर जीव आहे का त्याचा?"

"भांड्यात बघा," डॉक्टर म्हणाल्या.

मामांनी बघितलं. त्यात मामा होते, अगदी मिशीच्या केसाकेसासकट. ती बाजू जावईबापूंकडे केली की त्यात जावईबापू असणार, हे समजायला त्यांना एक क्षणही लागला नाही. घासणारेही तेच होते.

डॉक्टर खाली स्टुलावर बसल्या आणि त्यांनी नीट समजावून सांगितलं, कारण त्यांना माणूस बरा वाटला होता. पाटीवर लिहिलंय ते खोटं आहे, त्या म्हणाल्या. पान हिरवं म्हणून हा हिरवा होत नाही, निवांत असतो म्हणून हिरवा असतो. कातडीत डोळ्यांना न दिसणारे बारीक कण रांगेने बसवलेले असतात. मन शांत असलं की रांगा जवळजवळ असतात आणि त्यांच्यावरून निळा उजेड माघारी येतो. वर कातडीचा पिवळा थर आहे, त्यातून तो निळा आला की आपल्याला हिरवा दिसतो. दुसरा नर समोर आला की हा पेटतो, कातडी ताणली जाते, रांगा लांब होतात, मग पिवळा आणि तांबडा उजेड माघारी यायला लागतो. "तुमच्या घरी कुणी विणतं का? वीण घट्ट असताना स्वेटर एका रंगाचा दिसतो, ताणला की वेगळाच दिसतो. तसंच काहीसं समजा." सकाळचा काळेपणा वाट बघण्याचा नव्हे. गारठलेलं अंग काळं केलं की ऊन लवकर मुरतं, म्हणून. आणि रंगांनी तो समोरच्याला सांगतो, ही फांदी माझी आहे, निघ इथून. समोरचा दमदार निघाला तर हरलेला मळकट होऊन निघून जातो, भांडण मिटतं. "इथे मात्र भांड्यातला कधी हरतच नाही. हा जेवढा फुगेल तेवढाच तोही फुगतो. रोज चार वाजता."

"म्हणजे," मामा म्हणाले, "चार वर्षं तो मला शिव्या देत होता?"

"तुम्हाला नाही हो. भांड्यातल्याला."

हे जास्त झोंबलं. शिव्या तरी आपल्या वाट्याच्या असत्या तर मामांनी त्या घरी नेऊन जपल्या असत्या. पण सगळ्या प्रकरणात ते कुठे नव्हतेच. ते फक्त भांडं धरणारे होते. सोमवारचा हिरवा उदास नव्हता, तो आठवड्यातला एकच सुखाचा दिवस होता, आणि तो सुखाचा अशासाठी, की त्या दिवशी मामा सुट्टीवर असत.

डॉक्टर उठताना म्हणाल्या, "मी दाखल्यात वजनाचं लिहीन, भांड्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. रविवारी आणखी एकदा पेटला तर लगेच मरणार नाही तो. पण रोजचं थांबवा."

त्या संध्याकाळी बायकोने "आलात?" म्हटल्यावर मामा चप्पल काढून मुकाट आत गेले. बायकोने चार वर्षांत पहिल्यांदा टाके मोजायचे सोडून मान वर केली. जेवताना मामांनी सगळं सांगितलं. आधी बायकोच्या नाकातून एक आवाज आला, आणि मग ती इतकी हसली, की घास बाजूला ठेवून तिला डोळे पुसावे लागले.

"हस. हसून घे," मामा म्हणाले.

"हसू नको तर काय करू? चार वर्षं मला सांगताय, तो बघ, आणि तू बघ. आणि तो आरशातल्या सरड्याशी भांडत होता." ती पाणी प्यायली. मग तिने हसू आवरलं, कारण मामांनी ताटातलं काहीच खाल्लं नव्हतं. "रविवारचं काय करणार?"

"एकदाच नेणार आहे भांडं. एकदा सही झाली की पुन्हा नाही. त्याच्याच भल्याचं आहे. मी नसलो तर त्याच्याकडे कोण बघणार?"

"ते खरं," बायको म्हणाली. "भांड्याकडे तर ते लोक बघणारच नाहीत." आणि ती ताट घेऊन उठली. तिच्या या बोलण्यात टोमणा नेमका कुठे होता ते मामांना रात्रभर सापडलं नाही.

गुरुवारपासून मामांनी रातकिडे गेटवाल्याच्या प्लास्टिकच्या झाकणातून दिले. लोक चार वाजता जमले, त्यांना हिरवा सरडा दिसला, ते कुरकुरत गेले. साहेबांना मामांनी सांगितलं, रविवारसाठी राखून ठेवतोय. गुरुवारी जावईबापूंनी सात किडे खाल्ले, शुक्रवारी नऊ. जीभ सटकन बाहेर येई, किडा नाहीसा होई, डोळा पुढच्या किड्यावर. मामांकडे बघणं नाही, ओळख नाही, काही नाही. पोस्टाच्या खिडकीशी उभं राहून तिकिटं घ्यावीत तसा व्यवहार. शनिवारी मामा पिंजऱ्यासमोर म्हणाले, "अरे, निदान एकदा हिस्स तरी कर." जावईबापूंनी दहावा किडा खाल्ला.

रविवारी थंडी होती. समितीचे तिघे आले, दोन गृहस्थ आणि एक बाई, तिघांच्याही अंगावर जाड कोट. डॉक्टर दाखला घेऊन आल्या होत्या. गर्दीत, खांबापाशी, मामांची बायको उभी होती. ती चार वर्षांत एकदाही आली नव्हती. मामांच्या एका हातात फडक्याखाली स्टीलचं भांडं होतं, शनिवारी रात्री शेवटचं म्हणून घासलेलं, आणि दुसऱ्या हातात झाकण. भांडं पुढे केलं की रोजचे चार वाजता उरलेल्या जन्माचे आपले, झाकण पुढे केलं की महिनाअखेरीला सगळं संपलं. हिशेब इतका सोपा होता, की मामांना घाम फुटला.

समितीतल्या बाईंचे डोळे उबेच्या दिव्याने दिपत होते, म्हणून साहेबांनी दिवा बंद करायला लावला. "हं, मामा," ते म्हणाले.

मामांनी दार उघडलं. जावईबापू फांदीवर बसले होते, हिरवे. चार दिवसांत गालफडं जराशी भरली होती, ते मामांशिवाय कुणाला कळलं नसतं. एक डोळा मामांच्या उजव्या हातावर आला, जिथे फडकं होतं, आणि तिथेच थांबला. मामांना वाटलं, हा वाट बघतोय. मग त्यांना कळलं, की हा वाट बघत नाहीये, हा घाबरतोय. चार वर्षं रोज या वेळेला त्याला एकच कळत होतं, की आता तो दुसरा येणार. मामांना स्वतःची इतकी लाज वाटली, की त्यांनी भांडं फडक्यासकट मागे उभ्या असलेल्या गेटवाल्याच्या हातात दिलं, आणि झाकण आत धरलं.

जावईबापूंनी किडा खाल्ला. मग दुसरा. हिरवेच राहिले.

समिती वाट बघत राहिली. "आजारी आहे का हा?" एकाने विचारलं. दुसऱ्याने पाटी वाचली आणि आपला लाल टाय जाळीपुढे धरून पाहिला. त्या खोलीत रंग बदलत होते ते फक्त साहेब: आधी लाल, मग जांभळे, आणि समितीतल्या बाईंनी घड्याळ पाहिल्यावर पांढरेफटक. डॉक्टर म्हणाल्या, "उलट आज पहिल्यांदा धड आहे. वजनही वाढलंय." पण वजन बघायला कुणी रविवारचं येत नाही.

"हा फक्त यांच्यावरच जीव लावून आहे, असं अर्जात आहे," टायवाले म्हणाले. त्यांनी गेटवाल्याला पुढे केलं. गेटवाल्याने झाकण धरलं. जावईबापूंनी त्याच्याही हातून तीन किडे खाल्ले, सारख्याच आवडीने. समितीतल्या बाईंनी अर्जावर काहीतरी लिहिलं. ते लांबून वाचायची गरज नव्हती. "तुमच्या सेवेबद्दल संस्था आभारी आहे," त्या मामांना म्हणाल्या, आणि समिती चहाला गेली. मागोमाग साहेब गेले, गर्दीही पांगली.

राहिल्या डॉक्टर, आणि खांबापाशी बायको. गेटवाल्याने आतच सोडलेलं झाकण काढून घ्यायला मामा पिंजऱ्यात वाकले. दिवा बंद होऊन अर्धा तास झाला होता, खोली गारठली होती, जावईबापूंचा हिरवा किंचित गडद झाला होता. झाकण उचलायला मामांनी फांदीला टेकून हात पुढे केला, तर त्या हाताकडे आधी एक डोळा वळला, मग दुसरा. एक पाऊल उचललं गेलं, हवेत डुललं, आणि मामांच्या मनगटावर टेकलं. मग दुसरं. पाच वर्षांत पहिल्यांदाच जावईबापू सगळेच्या सगळे मामांच्या हातावर चढून आले आणि तळहाताच्या उंचवट्यावर पोट टेकून बसले.

मामांनी श्वास रोखून धरला. नुसत्या नजरेने त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टर खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. "माया नाही हो ही," त्या म्हणाल्या, पण आवाज मऊ होता. "दिवा बंद आहे. फांदीपेक्षा तुमचा हात गरम आहे. तेवढंच."

मामांनी हे ऐकून घेतलं. हात तसाच ठेवला. मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "आमच्या घरी ही थंडीत बर्फासारखे पाय घेऊन झोपायला येते आणि माझ्या पोटऱ्यांना चिकटवते. चौतीस वर्षं. तिलाही विचारा, माया आहे की तेवढंच."

डॉक्टरांनी खरोखरच बायकोकडे पाहिलं. बायको खांब सोडून पुढे आली, दोरी ओलांडली आणि मामांच्या खांद्याला खांदा लावून तळहातावरच्या त्या हिरव्या पोटाकडे बघत राहिली.

"तेवढंच," ती म्हणाली. "आता हात हलवू नका. उतरेल तो."